मदत हवी आहे : नातवाच्या तोंडी 'चोर' आणि 'चिमणी' यांतला च एकच!

मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती. नातू पाच वर्षांचा, तोंडाला कुलूप नाही. पण दिवाळीत पुण्याहून नणंदबाई आल्या आणि "हा बोबडा बोलतोय, स्पीच थेरपिस्टला दाखवा" असं सांगून गेल्या. तेव्हापासून सून काळजीत.

होतं असं, की चोर, चाक, चूल, माझा, जवळ या सगळ्यांत तो टाळूला जीभ लावून च-ज-झ म्हणतो, 'चिमणी' आणि 'जीभ'मधल्यासारखे. 'चिंच' म्हणायला लावा, दोन्ही च सारखेच ऐकू येतील. आपला शेवटचा च दातांजवळचा असतो, त्सच्या जवळ जाणारा. ळ मात्र खणखणीत, गुजरातीत तो आहेच ना. इंदूरचा आमचा भाचेनातू हिंदीच्या वळणानं 'शाला', 'बाल' म्हणतो, पण त्याला बोबडा म्हणायचं कुणाला सुचलेलं नाही!

गंमत म्हणजे मी मुद्दाम त्याच्यासारखं 'चोर' म्हटलं की "असं नाय आजी!" म्हणून मला सुधारतो, आणि सुधारताना पुन्हा तसंच म्हणतो.

हा दोष आहे का? रोज घोटून घ्यायचं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
आजी, गुजराती बोलताना काही अडखळतं का? तिथे साफ असेल तर जिभेत खोट असण्याची शक्यता कमी. त्याला 'उत्सव' म्हणायला सांगा. त्स निघाला तर जिभेला ती जागा ठाऊक आहे, फक्त च लिहितो तिथे ती वापरायची सवय नाही. गुजरातीत चचे असे दोन प्रकार वेगळे पाळावे लागत नाहीत.

तुम्हाला सुधारतो हे तर उत्तमच. इंग्रजी मुलांत हे बर्को आणि ब्राउन यांनी 1960मध्ये नोंदवलंय. एक पोर 'फिश'ला 'फिस' म्हणायचं, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेलं त्याला चालायचं नाही. कान पुढे, जीभ मागे. तान्ह्या बाळाला परक्या भाषेतले फरकही कळतात. वर्कर आणि टीस यांच्या 1984च्या प्रयोगात इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त-ट वेगळे ओळखत होती, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना ते जमेना. घरात ऐकू येत नाही तो फरक कान सोडून देतो. तुमच्याकडे मराठी पाळण्यापासून आहे, म्हणून त्याचा कान शाबूत राहिला असणार. श्रवणचाचणी केली तरी तोटा नाही, सुनेचा जीव भांड्यात पडेल.

प्रतिसाद २
सोडा हो काकू. दर बारा कोसांवर भाषा बदलते, पुणेकरांचं काय घेऊन बसलात.

प्रतिसाद ३
सोडा म्हणणं सोपं आहे, पण इथे बघण्यासारखं बरंच आहे. मराठीत हे दोन च वाटेल तसे विखुरलेले नाहीत. पुढे इ, ए किंवा य आला की तालव्य: घराची, घराच्या. नाहीतर अस्सल मराठी शब्दांत बहुधा दातांजवळचा: घराचा, पाच, काच. संस्कृतातून आलेले 'चंद्र', 'चरण' मात्र तालव्यच राहतात, शिवाय 'चार' आहेच. आणि 'जग' म्हणजे दुनिया की 'जग' म्हणजे जगत राहा, हे केवळ जवरून ठरतं. अक्षर एकच असल्यामुळे हे पाटीवर शिकवता येत नाही, ऐकूनच यावं लागतं.

घोटून घेऊ नका, मूल बोलायचंच थांबेल. त्यापेक्षा एखाद्या खेळण्याला निरर्थक नाव द्या, म्हणजे पाठ केलेलं उत्तर येणार नाही. जीन बर्कोनं 1958मध्ये अशाच बनावट शब्दांनी मुलांना व्याकरणाचे नियम येतात का ते तपासलं होतं. समजा 'गुटू'. 'गुटूचा डबा', 'गुटूची टोपी' तुम्ही बरोबर म्हणा, मग चुकीचं म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. पुढे कधी 'चंद्र'लाही त्स लावायला लागला तर टोकू नका, नियम हाती लागल्याची ती खूण.

मूळ प्रश्नकर्ती
'उत्सव' स्वच्छ म्हणाला! कापडी अस्वलाचं नाव गुटू ठेवलं. "गुटूत्सी टोपी" म्हटल्यावर पोट धरून हसला. "गुटूचा डबा" त्याच्यासारखा म्हटला, तेव्हा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आजी, नीट बोल ना." थेरपिस्टचं तूर्तास राहू दे म्हणतेय, कानाची तपासणी मात्र सून करून घेणार आहे. आता सांगा, इंदूरच्या भाचेनातवासाठी ळचा असाच काही खेळ आहे का? तिकडे कान पण हिंदीचाच झालाय की काय, शंका येते.