स्पेक्ट्रमच्या जुन्या कॅसेटी कशा वाचवाव्यात?

निळीपिवळी
घर आवरताना वडिलांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक सापडला. सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची ही परवाना घेऊन काढलेली आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये भारतात आणली होती. यंत्र व्यवस्थित चालते, परंतु प्रोग्राम साठवलेल्या कॅसेटी लावल्यावर बहुतेक वेळा ‘आर टेप लोडिंग एरर’ (फीत नीट वाचता आली नाही) हा संदेश येतो. काही कॅसेटींवर वडिलांनी स्वतः बेसिक या संगणकीय भाषेत लिहिलेले प्रोग्राम आहेत आणि ते मला कोणत्याही परिस्थितीत गमवायचे नाहीत. ते आजच्या संगणकावर कसे उतरवावेत? आणखी एक कुतूहल आहे: कॅसेटवरून खेळ लोड होताना पडद्यावरचे चित्र वरून खाली सलग न उमटता रेघारेघांनी का भरत जाते?

झेडऐंशी
आधी चित्राविषयी. पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा असून मेमरीत त्याचे तीन भाग पडतात. प्रत्येक भागात अक्षरांच्या आठ ओळी असतात. आधी त्या आठही ओळींतील सर्वांत वरची रेघ येते, मग दुसरी, मग तिसरी. या रचनेमुळे अक्षराच्या एका रेघेवरून खालच्या रेघेवर जाताना पत्त्यात नेमके २५६ मिळवले की भागते, आणि झेड८० प्रोसेसरला ते एकाच सूचनेत साधते. ठिपक्यांच्या ६,१४४ बाइट्सनंतर रंगांचे ७६८ बाइट्स येतात, म्हणून अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ रंगहीन असलेले चित्र शेवटच्या काही सेकंदांत भराभर रंगून निघते. कडेच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या पाहत त्या क्षणाची वाट पाहणे हा मला आजही खेळाइतकाच मोठा आनंद वाटतो.

फीतप्रेमी
कॅसेट वाजवण्यापूर्वी फितीमागची फेल्टची गादी जागेवर आहे का, ते पाहावे. ती निखळलेली असल्यास फीत हेडला नीट टेकत नाही. टेपरेकॉर्डरचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि त्याशेजारचा बारीक स्क्रू, आवाज सर्वांत कणखर व स्पष्ट ऐकू येईपर्यंत, अगदी हळूहळू फिरवावा. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यानेच मिटतात, कारण ज्या यंत्रावर कॅसेट भरली गेली त्याच्या हेडचा कोन निराळा असतो. त्यानंतर आवाज ४४.१ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल म्हणून नोंदवावा. एमपी३ किंवा आवाज स्वच्छ करणारी कोणतीही सोय वापरू नये: शून्य आणि एक यांतला फरक केवळ स्पंदाच्या लांबीचा असतो, एकाची स्पंदे शून्याच्या दुप्पट लांब असतात आणि त्यांच्या कडा बोथट झाल्या की यंत्राची गफलत होते. फितीवरील माहितीच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, त्यामुळे वेव्हवरून टीझेडएक्स (स्पेक्ट्रमच्या कॅसेटी जतन करण्याचा फाइलप्रकार) फाइल तयार करताना नेमका कोणता खंड बिघडला आहे ते कळते.

झेडऐंशी
एक आग्रहाची सूचना. बाजारात विकले गेलेले बहुतेक खेळ जगभरच्या हौशी लोकांनी यापूर्वीच जतन केले आहेत. वडिलांच्या प्रोग्रामांची मात्र दुसरी प्रत कुठेही नसणार. म्हणून सराव खेळांच्या कॅसेटींवर करावा, हात बसल्यावरच वडिलांच्या कॅसेटी घ्याव्यात आणि खंड बिघडलेला निघाला तरी मूळ वेव्ह फाइल पुसू नये.