होम्सच्या कथांत पहिला नंबर सापाला? मला मान्य नाही

तर्कटपंत:
शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या. त्यांतल्या आपल्या आवडत्या १२ कथांची यादी खुद्द आर्थर कॉनन डॉयलने १९२७ साली 'स्ट्रँड' मासिकात दिली आणि पहिला नंबर दिला 'द स्पेकल्ड बँड'ला. तेव्हापासून जो तो तीच री ओढतोय. लेखकाने दिला म्हणून नंबर मान्य करायचं मला कारण दिसत नाही. हेरकथेत आधी तर्क बघावा, आणि तिथेच ही कथा आपटते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी (रहस्यभेद होणार, पण १८९२ च्या गोष्टीला किती जपायचं?): सरे परगण्यातल्या पडक्या वाड्यात डॉ. रॉयलॉट दोन सावत्र मुलींसह राहतो. मुलींची लग्नं झाली की त्यांच्या आईच्या पैशातला वाटा हातचा जाणार. एक मुलगी लग्न ठरल्यावर रात्री बंद खोलीत मरते, दुसरी घाबरून होम्सकडे येते. उलगडा असा, की शेजारच्या खोलीतून झरोक्यावाटे साप सोडला जातो. तो घंटेच्या खोट्या दोरीवरून पलंगावर उतरतो, शीळ ऐकून परत जातो आणि वर बशीतलं दूध पितो!

साप दूध पीत नाही हे आपले सर्पमित्र दर नागपंचमीला घसा कोरडा करून सांगतात. शिळेवर परत यायला तो काय पाळलेला कुत्रा आहे? होम्स त्याला भारतातला सर्वांत विषारी साप म्हणतो आणि असं नाव सांगतो, ज्या नावाचा साप भारतात नाहीच. तो चावल्यावर माणूस दहा सेकंदांत खलास. शिवाय डॉक्टरने भारतातून मागवलेल्या जनावरांत एक बबून आहे. बबून आफ्रिकेतला आणि अरबस्तानातला, तो भारतातून कुठून आला?

माझा पहिला नंबर 'सिल्व्हर ब्लेझ'. शर्यतीचा घोडा गायब, त्याला तयार करणारा स्ट्रेकर माळावर मरून पडलेला. रात्री कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे घोडा नेणारा ओळखीचाच, हे सगळ्यांना पाठ आहे. पण खरी मेख मटणात आहे. तबेल्यातल्या पोऱ्याला अफू घालून झोपवलंय, आणि अफूची चव लपेल असं झणझणीत मटण नेमकं त्याच रात्री घरात शिजलंय. बाहेरून टपकलेला संशयित 'आज मटण करा' असं थोडंच सांगणार? मग घरात बेत कोण ठरवतं? एवढ्या घरगुती प्रश्नावर सगळा संशय फिरतो. याला म्हणतात तर्क.

रातपाळी:
साफ असहमत. तुम्ही प्राणिशास्त्राचा पेपर तपासताय. त्या खोलीकडे बघा की! पलंग जमिनीला ठोकलेला, घंटेची दोरी ओढली तर घंटा वाजत नाही, वारा यायचा झरोका बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडतो. तिन्ही गोष्टी वाचकासमोर उघड्या ठेवल्यात. साप कुठलाही असो, ही खोली खुनासाठी तयार केलीय हे होम्स साप दिसण्याआधी ओळखतो. मग दिवा विझवून तो आणि त्याचा मित्र वॉटसन अंधारात बसतात, ती चार पानं मी अजून रात्री एकट्याने वाचत नाही.

आणि घोड्याबद्दल फार बोलू नका. शर्यतीचे नियम त्या कथेत इतके चुकलेत की डॉयलने आत्मचरित्रात स्वतःच्या अज्ञानाची जाहीर कबुली दिलीय. एका जाणकाराने म्हणे लिहिलं होतं की कथेतले लोक खरे असते तर अर्धे तुरुंगात गेले असते आणि उरलेल्यांना घोड्यांच्या मैदानात कायमची बंदी झाली असती. १९२७ च्या यादीतूनही त्याने ही कथा याच कारणासाठी बाद केली.

तर्कटपंत:
शर्यतीचे नियम चुकले म्हणून मटणाचा तर्क चुकत नाही. तुमचा साप चुकला की खूनच होत नाही. दोन्ही चुका एका तागडीत कशा घालता?

तळटीपकर:
सापावरून एक किस्सा. 'स्पेकल्ड बँड'चं डॉयलने नाटक केलं, १९१० साली लंडनला. त्यात खरा जिवंत अजगर आणला होता. तर एका टीकाकाराने लिहिलं, साप उघड उघड नकली वाटतो! डॉयल भयंकर चिडला होता.

बाकी माझं मत 'रेड हेडेड लीग'ला. लाल केसांच्या माणसाला आठवड्याला चार पौंड, काम काय तर रोज दहा ते दोन बसून विश्वकोश उतरवून काढायचा! एवढं हास्यास्पद आमिष, आणि त्यामागे बँकेच्या तळघरातल्या सोन्यापर्यंत खणलेलं भुयार. सुरुवात जितकी फालतू, तितका शेवट गंभीर. हा तोल डॉयलला पुन्हा इतका क्वचितच साधला. तारखांचा घोळ आहे, कबूल. जाहिरात एप्रिलची, मंडळ बरखास्त होतं ऑक्टोबरात आणि वॉटसन म्हणतो 'दोनच महिने झाले'. पण वॉटसनचा हिशोब कोण मनावर घेतो?

खडूस मावशी:
साप, घोडा, भुयार. वस्तूंमध्येच अडकलात सगळे. 'द यलो फेस' (१८९३) कुणालाच आठवली नाही? नवऱ्याला बायकोचा संशय, समोरच्या घराच्या खिडकीत एक विचित्र पिवळा चेहरा. होम्स छातीठोकपणे सांगतो की हिचा पहिला नवरा जिवंत आहे आणि हिला नाडतोय. सपशेल चूक! पहिला नवरा अटलांटातला कृष्णवर्णीय वकील, तो वारलाय. मुखवट्याआड त्याची लहान मुलगी. आईने ती लपवली, कारण हा गोरा नवरा तिला स्वीकारेल याची खात्री नव्हती. आणि तो काय करतो? मुलीला उचलून तिचा पापा घेतो. होम्सचा तर्क हरला आणि माणूस जिंकला. १८९३ मध्ये हे लिहायला धमक लागते. डॉयलच्या यादीत ही नाही, म्हणजे त्याची यादी किती भरवशाची ते कळलं.

तर्कटपंत:
मावशी, कथा सुंदर आहे, वादच नाही. पण होम्स तिथे नसता तरी शेवट हाच झाला असता. मग ती होम्सची श्रेष्ठ कथा कशी?

खडूस मावशी:
'अ स्कँडल इन बोहेमिया'मध्येही होम्स आयरीन ॲडलरकडून हरतो. ती डॉयलने पाचवी ठेवलीय. तिथे नाही आलं तुमचं तर्कशास्त्र आडवं?

रातपाळी:
मावशींशी अर्धा सहमत. 'यलो फेस'चं कौतुक करताना 'द थ्री गेबल्स'ही वाचा. १९२६ च्या त्या कथेत हाच होम्स एका कृष्णवर्णीय माणसाच्या दिसण्यावरून हलकट शेरे मारतो. डॉयलला पुरोगामी ठरवायची घाई नको.

खडूस मावशी:
वाचलीय, टुकार आहे. मी एका कथेला नंबर देतेय, डॉयलला सत्यनारायणाचा प्रसाद देत नाहीये. आणि होम्सच्या वागण्याचंच काढायचं तर 'मिल्व्हर्टन' घ्या. ब्लॅकमेलरच्या घरातली माहिती काढायला हा त्याच्या मोलकरणीशी खोटं लग्न ठरवतो. वॉटसन विचारतो, त्या मुलीचं काय? तर साहेब खांदे उडवतात. पुढे डोळ्यांदेखत खून होतो तेव्हा मात्र न्यायाची फार चाड!

तळटीपकर:
त्याच कथेत होम्स आणि वॉटसन स्वतःच त्या घरात चोरून शिरतात. नंतर पोलीस अधिकारी लेस्ट्रेड पळालेल्या चोराचं वर्णन सांगतो आणि होम्स म्हणतो, हे तर वॉटसनचं वर्णन झालं! एवढ्यासाठी मी 'मिल्व्हर्टन'ला सगळं माफ करतो.

रातपाळी:
मूळ मुद्द्यावर येतो. रॉयलॉट होम्सला धमकावायला लोखंडी सळई हाताने वाकवतो. तो गेल्यावर होम्स ती सरळ करून ठेवतो. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये असा एक प्रसंग दाखवा.

तर्कटपंत:
सुरुवातीलाच आहे. डब्यात बसून होम्स गाडीचा वेग सांगतो, ताशी साडेत्रेपन्न मैल. तारेचे खांब ६० यार्डांवर, बाकी साधा हिशोब.

रातपाळी:
म्हणजे तुमचा हिरो खांब मोजतो आणि माझा सळई सरळ करतो. ठरलं तर मग.

नवा गडी:
'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'ला कुणीच मत दिलं नाही??

खडूस मावशी:
ती कादंबरी आहे. धाग्याचं शीर्षक वाचा.