सेकंड शिफ्टच्या आठवड्यात लेक मध्यरात्रीपर्यंत जागते, काय करावं?

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घरात मी, बायको, माझी आई, साडेचार वर्षांची लेक आणि दहा महिन्यांचा धाकटा. मी अंबडला एका कंपनीत मशीन शॉपला आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्टचा आठवडा छान जातो. अडचण सेकंडची आहे. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. घरी पोचायला पावणेबारा होतात.

लेक तोपर्यंत झोपतच नाही. गाडी जिन्याखाली लावली की वरून "पप्पा आले!" ऐकू येतं. दार तीच उघडते. हातातून डबा घेते, ओट्याजवळ नेऊन उघडते आणि आजीने दिलेल्या सगळ्या पोळ्या संपल्या का ते बघते. मग मी जेवायला बसलो की मांडीला मांडी लावून बसते आणि दिवसभराचं सगळं सांगते. व्हॅनमध्ये कोण रडलं, बाळाने कुठली वस्तू तोंडात घातली, बाईंनी कुणाला चांदणी दिली. खरं सांगतो, दिवसभराचा शीण तिथे उतरतो. म्हणूनच इतके दिवस मी तिला कधी "झोप आता" म्हटलं नाही. ही चूक माझी आहे.

पण आता तिचे हाल होताहेत. शाळा नऊला भरते (२०२४ च्या सरकारी निर्णयाने लहान वर्गांची वेळ पुढे गेली, तेवढी सोय झाली), पण व्हॅन आठ-वीसला येते, म्हणजे सातला उठवावंच लागतं. वर्गात डोळे मिटतात असं बाईंनी दोनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी. हिचा हिशोब केला तर रात्री साडेबारा ते सात, म्हणजे साडेसहा, आणि दुपारी दोन तास. जेमतेम साडेआठ. त्यात तिच्या आवाजाने धाकटा उठतो. बायको घरी फॉल-पिकोचं काम करते, धाकट्यासाठी पहाटे पाचला उठते. तिला तर धड झोपच नाही.

एकदा बायकोने तिला दहाला थोपटून झोपवलं. सकाळी उठल्यावर मी झोपेत होतो. "पप्पा आलेच नाहीत" म्हणून व्हॅन येईपर्यंत रडली. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर फोन ठेवू देईना आणि झोप आणखी लांबली. तिची आणि माझी ही भेट न तोडता तिला वेळेवर कसं झोपवावं? शिफ्टवाल्या घरांतल्या लोकांनी जरूर सांगा.

प्रतिसाद

माझे वडील सातपूरला शिफ्टमध्ये होते, त्यामुळे तुमची लेक काय करते ते अगदी डोळ्यांसमोर आलं. आम्ही भावंडं झोपलेली असायचो, पण सकाळी उशाशी काहीतरी असायचं. कधी पेरू, कधी कागदाची होडी, हंगामात द्राक्षांचा छोटा घड. ते हाताला लागलं की वडील येऊन गेले हे कळायचं. रडायची वेळच यायची नाही. तुम्ही आलात याची खूण तिला सकाळी मिळू दे. पप्पा आले होते असं आईने नुसतं सांगून तिचं समाधान होणार नाही.

प्रतिसाद

कल्पना फार आवडली, फक्त द्राक्षं उशाशी नकोत. घरात रांगतं बाळ आहे. अख्खं द्राक्ष लहान मुलांच्या घशात अडकतं. मोठीलासुद्धा पाच वर्षांपर्यंत उभं चिरूनच द्या.

प्रतिसाद

मी बालवाडीत शिकवते. एकदम बाराचे नऊ करायला जाऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. उठायची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही सातच ठेवा, आणि सेकंड नसेल त्या आठवड्यातही झोपेची वेळ सैल सोडू नका. दुपारची दोन तासांची झोप एक तासावर आणा. चारनंतर झोपू देऊ नका, नाहीतर रात्री डोळे मिटणारच नाहीत. जेवण साडेसात-आठला, मग हातपाय धुऊन मोठा दिवा बंद. टीव्ही आणि फोन त्याआधीच बाजूला.

आणखी एक. या वयात "पुढच्या आठवड्यात पप्पा लवकर येतील" हे नुसतं ऐकून कळत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फर्स्टला सूर्य, सेकंडला चंद्र, नाईटला घुबड काढा. रोज एक चौकोन तिलाच रंगवू द्या. आज चंद्र आहे म्हणजे पप्पा सकाळी भेटणार, हे तिला आपलं आपण कळेल. आमच्या वर्गात आईच्या शिफ्टसाठी एका मुलाला असं करून दिलं होतं, तो पुढे रोज आम्हालाच सांगायचा.

प्रतिसाद

दादा, तुमची सेकंड तीनला सुरू होते. शाळा साडेबाराला सुटत असेल. त्या आठवड्यात व्हॅनने कशाला, तुम्हीच आणायला जा की. रात्रीचा अर्धा तास जातो, त्याच्या बदली दुपारचे दोन तास मिळतील.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. मधला सेकंडचा आठवडा नुकताच संपला, म्हणून लिहितोय.

आणायला जाण्याची गोष्ट मला खरंच सुचली नव्हती. मी बाराला उठायचो, अंघोळ, फोन, डबा यांत अडीच वाजायचे आणि ती घरात असूनही आमचं बोलणं व्हायचं नाही. आता दहाला उठतो आणि साडेबाराला शाळेच्या फाटकाशी उभा असतो. पहिल्या दिवशी मला बघून तिने दप्तर तिथेच टाकलं आणि पळत आली. शाळा ते घर चालत वीस मिनिटं, ती अर्धा तास लावते. जे रात्री बाराला सांगायची ते सगळं आता रस्त्यात सांगते.

रात्री पहिले दोन दिवस रडली. बायकोने धीर धरला, आईने पाठीवर हात फिरवला. पाचव्या दिवशी पावणेदहाला झोपली. दुपारचा एक तास धरला तर सव्वादहा तास झाले.

उशाशी खूण ठेवायची म्हणून तिनेच एक ठरवलं. निघताना डब्याच्या पिशवीत ती चित्र घालते. मी सुट्टीत त्याच कागदाच्या मागे काहीतरी काढतो (मला फक्त बस आणि मांजर जमते) आणि परत पिशवीत ठेवतो. डबा तिने बघेपर्यंत कुणी घासायचा नाही, असा नियम आहे. सकाळी उठली की आधी ओट्याजवळ जाते, पोळ्या संपल्या का बघते, मग चित्र. मी झोपलेला असलो तरी आता रडत नाही. रात्री एकट्याने जेवायला मात्र मला जड जातं. घास घेताना सारखं लक्ष आतल्या खोलीकडे जातं.

सुट्टीच्या दिवशी उन्हं चढायच्या आत दोघं पांडवलेण्याला गेलो. पायऱ्या तिच्या तिने चढल्या. "इथे कोण राहायचं?" म्हणाली. दोन हजार वर्षांपूर्वीपासून भिक्खू राहायचे असं सांगितल्यावर, "त्यांना नाईट असायची का?" असं विचारलं.

आता पुढच्या आठवड्यात घुबड आहे. मला सकाळी आठ ते दुपारी दोन झोप लागते आणि धाकटा नुकताच वाटी-चमचा आपटायला शिकलाय. खोल्या दोनच आहेत. त्याचं खेळणं न थांबवता दिवसा झोपायची कुणी काय सोय केली आहे?