पानिपतानंतरचा इतिहास: कादंबरी नको, दहा खंडही नकोत

१७६१ ते १८१८ या काळावर मराठीत एखादं सुटसुटीत पुस्तक सुचवा. पानिपतापर्यंतचं भरपूर मिळतं. पुढचं बारभाईंचं कारस्थान, सालबाईचा तह, खर्ड्याची लढाई, १८०२ चा वसईचा तह हे सगळं तुकड्यातुकड्यांनी हाती लागतं.

कादंबऱ्या वाचून झाल्या, पण त्यात घडलेलं किती आणि रचलेलं किती ते कळत नाही. सरदेसाईंची ‘मराठी रियासत’ वाचनालयातून आणली. खजिना आहे, पण खंडामागून खंड, नोकरी सांभाळून कठीणच.

तीनेकशे पानं चालतील. नकाशे आणि वंशावळी हव्यातच (शिंदे-होळकरांत कोण कोणाचा कोण, हे मी दर दहा पानांनी विसरतो). जुन्या पत्रांचे लांबलचक उतारे नकोत. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्यापैकी एकाला देव आणि दुसऱ्याला खलनायक करणारं तर नकोच. वडीलही वाचणार, त्यामुळे मराठी आणि छापीलच हवं. घरपोच मिळालं तर उत्तम.

असं एकच पुस्तक नसेल, तर महादजींचं उत्तरेतलं राजकारण आणि वसईच्या तहानंतरची पडझड यांसाठी कोणती दोन घ्यावीत?