'लक्ष्यित प्रथिन उपचार' म्हणजे नेमकं काय कळतं?

एका आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करतोय. 'यकृताच्या तंतुमयतेवर लक्ष्यित प्रथिन उपचार' असं लिहिलं आणि घरी वाचून दाखवलं. पहिलाच प्रश्न आला, "म्हणजे खायचं काय?" काय बदलू?

---

प्रश्न रास्तच आहे. 'तंतुमय' आणि 'प्रथिन' हे दोन्ही शब्द आहारवाल्यांनी कधीच पळवलेत. इथे तंतू म्हणजे कोलॅजेन, शरीरातलंच एक धाग्यासारखं प्रथिन. विषाणू, दारू, साठलेली चरबी, कशानेही यकृताला सतत इजा होत राहिली की तिथल्या तारकापेशी जाग्या होतात. एरवी त्या 'अ' जीवनसत्त्व साठवून गप्प बसलेल्या असतात. जागल्या की कोलॅजेनचे धागे विणत सुटतात. मी सरळ 'यकृतात वण धरणे' म्हणेन. वण हं, व्रण नव्हे! व्रण म्हणजे जखम, वण म्हणजे ती भरल्यावर उरलेली खूण. फायब्रोसिस, म्हणजे तुमची 'तंतुमयता', ही जखम भरण्याचीच क्रिया, फक्त थांबायचं विसरलेली.

---

'वण' झकास, पण अहवालात एफ० ते एफ४ असे टप्पे असतात. 'वण एफ२' कसं लिहिणार? शीर्षकात फायब्रोसिसच ठेवा, वण पहिल्या वाक्यात येऊ द्या.

जाता जाता: सिरोसिस म्हणजे एफ४, शेवटचा टप्पा. फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१९ मध्ये हे नाव दिलं ते रंगावरून. ग्रीक 'किर्रोस' म्हणजे पिंगट. मूळ शब्दात काठिण्य नाहीच, तरी 'यकृतकाठिण्य' खपून जातं, कारण यकृत खरंच कडक होतं.

---

'प्रथिन-औषध' करतो. पण 'लक्ष्यित'चं काय? काल घाईत 'लक्षवेधी प्रथिन' टंकलं गेलं.

---

म्हणजे नटूनथटून आलेलं प्रथिन!

'लक्ष्यवेधी' शुद्ध आहे, पण मला खटकतं. वेध म्हणजे बाण लागलासुद्धा. प्रत्यक्षात काय करतात बघा. इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन तारकापेशींना आवर घालतं, पण अंगभर फिरलं तर नको तिथेही ढवळाढवळ करतं. म्हणून उंदरांवरच्या प्रयोगांत त्याला एक छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा, जोडलं. जागृत तारकापेशींवर पीडीजीएफ-बीटा ग्राही (पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या जागा) भरपूर असतात, त्यांना ते चिकटतं. थोडक्यात, पाकिटावर पत्ता घातला.

पत्ता बरोबर असला म्हणजे काम झालंच असं नाही. लॉक्सएल२ हे विकर (एन्झाइम) कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंफतं. त्याच्यावर रोखलेलं सिमटुझुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी, तेही प्रथिनच) रुग्णांवरच्या चाचण्यांत उपयोगी ठरलं नाही. नेम धरणं वेगळं, नेम लागणं वेगळं. तेव्हा 'नेम धरणारं' लिहा, जास्त प्रामाणिक आहे.

---

'यकृतातल्या फायब्रोसिसवर नेम धरणारी प्रथिन-औषधं.' घरी पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी विचारलं, "गोळी की इंजेक्शन?"

---

इंजेक्शन. तोंडाने घेतलं तर पोटात पचून जाईल. शेवटी प्रथिनच ते.