मदत हवी आहे : २०१४ ची डिझेल डिझायर घ्यावी का?

नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण, महिन्यातून दोनदा सातारा-पुणे, सुट्टीत कोकण. म्हणून २०१४ ची स्विफ्ट डिझायर व्हीडीआय बघतोय, १२४८ सीसी. मालक एकच, मीटरवर ६८ हजार किमी. पण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंगही चकाकतंय. ६८ हजारांत एवढं झिजतं? शिवाय मी पोचलो तेव्हा बॉनेट आधीच गरम. 'आत्ताच धुऊन आणली' म्हणाले. आता एकदा भल्या सकाळी न सांगता जाऊन थंड गाडी स्टार्ट करून बघणार आहे.

तेव्हा नेमकं काय ऐकायचं? टायमिंग चेनची (इंजिनातल्या साखळीची) खडखड आणि डिझेलची नेहमीची टकटक कानाला वेगळी कशी कळते? ऑइलचं झाकण काढून धूर बघतात, तो किती चालतो? सर्व्हिसचे कागद २०१९ नंतरचे नाहीतच.

मारुतीने २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणून पार्टच्या खर्चाची धास्ती वाटते. इंजेक्टर किंवा टर्बो बदलायला किती खर्च आला, ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. २०२९ ला पंधरा वर्षं भरतील, म्हणजे पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर आलाच. साताऱ्यात गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बघणारा भरवशाचा मेकॅनिक कोणाला माहीत आहे का? टोकन अजून दिलेलं नाही.