प्रतिसाद: जोरदार पळणारी इलेक्ट्रिक गाडी रोज चालवायला सोयीची असते का?

भाऊ, "एवढी ताकद खान्देशातल्या रस्त्यांवर काय कामाची" हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. मी महिंद्राची बीई ६ रोज फैजपूर-जळगाव चालवतो, ७९ किलोवॅट-तासांची बॅटरीवाली. २८६ हॉर्सपॉवर, शंभरचा वेग ६.७ सेकंदांत. पण सावदा-रावेर रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे अडकलात की मोकळी जागा दिसते ती थोडाच वेळ. तिथे पाय दाबला की गाडी लगेच पुढे निघते, गिअर बदलायची वाट बघावी लागत नाही. ही ताकद मी शर्यतीसाठी नाही, सुरक्षित ओव्हरटेकसाठी वापरतो.

गर्दीत तीच गाडी अगदी गरीब गायीसारखी चालते. कन्नड घाट उतरताना तर ब्रेकला पाय क्वचित लागला. मोटरच वेग रोखते, त्यातून वीज तयार होते आणि ती बॅटरीत परत जाते. चाळीसगावला पोचेपर्यंत चार्ज एक टक्का वाढला होता!

उन्हाचं म्हणाल, तर हिची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, उष्णतेला त्यातल्या त्यात जास्त टिकणारी. तरी मे महिन्यात गाडी सावलीतच लावा, आणि घरी चार्जर बसवून घ्या. माझं रोजचं चार्जिंग रात्री अंगणातच होतं.